ग्रिफिनचे मागचे पाय

टाळ्या डोक्याला पडतात. शेपटीसाठी कुणी टाळ्या वाजवल्याचं थोरलीने तरी कधी ऐकलं नव्हतं.

ग्रिफिन म्हणजे डोकं आणि पंख गरुडाचे, धड सिंहाचं. असा प्राणी कुठल्या आईच्या पोटी कधी जन्मला नाही, पण माणसांनी तो दगडात, लोखंडात, लाकडात हजार ठिकाणी कोरून ठेवलाय. बँकांच्या दारांवर, कोर्टांच्या कमानींवर, जुन्या तिजोऱ्यांच्या झाकणांवर. का, तर म्हणे तो सोन्याची राखण करतो, डोळ्याला डोळा लागू देत नाही, आणि जन्मात जोडी एकदाच जमवतो. जमिनीचा राजा आणि आकाशाचा राजा, दोघे एका कातड्यात.

"दोन राजे राहतील हो एका कातड्यात," थोरली म्हणायची. "दोन जावा ठेवून दाखवा."

आणि ठेवल्याच होत्या. या घरच्या नाटकमंडळीतला ग्रिफिन दोन जावांचा होता. पुढच्या पायांत धाकटी, मागच्या पायांत थोरली. धाकटीचा नवरा, म्हणजे थोरलीचे भावजी, मुलांसाठी नाटकं लिहायचे, बसवायचे आणि खेळाच्या वेळी रंगमंचाच्या कडेला उभं राहून गोष्ट सांगायचे. थोरलीचा नवरा सामानाची गाडी हाकायचा आणि दिव्यांचं बघायचा. "ह्यांनी जन्मभर दिवेच लावले," असं थोरली चारचौघांत म्हणायची आणि तो सगळ्यांच्या आधी हसायचा. बायकोचं प्रत्येक बोलणं अंगाला लावून घेतलं असतं तर एवढी वर्षं टिकलाच नसता. पाचवा माणूस सुतारमामा. नात्याने कुणाचाच मामा नव्हता, पण घरामागच्या शेडमध्ये त्याचं बाकडं कायमचं मांडलेलं होतं. रंगमंचावरची झाडं, डोंगर, घरटी तोच ठोकायचा, आणि नाटकात चोर लागला की दाढी चिकटवून चोरही तोच व्हायचा.

आता तो ग्रिफिन आतून कसा होता ते सांगायलाच हवं, कारण बाहेरून तो सगळ्यांनी पाहिलेला असतो.

पुढची बाई उभी असते. डोक्यावर फोमचं गरुडाचं मुंडकं, त्याला काचेचे पिवळे डोळे. ते डोळे शोभेचे. बाई बघते ती चोचीखालच्या जाळीतून. मागची बाई कमरेत वाकलेली. तिचं डोकं पुढचीच्या पाठीला टेकलेलं, हात पुढचीच्या कमरेच्या पट्ट्यावर. आणि तिच्या पाठीवर काय? पंख. वेताचा सांगाडा, त्यावर कापड, त्यावर शिवलेली पिसं. लोकांना वाटतं पंख गरुडाचे, म्हणजे वजनही गरुडाकडेच असणार. दिसायला पंख पुढे, पण पट्टे मागे. दोन्ही दोऱ्या मागचीच्या हातात. ती ओढील तेव्हा पंख उघडणार. पिसारा एकाचा आणि ओझं दुसऱ्याचं, ही पद्धत काही ग्रिफिनने काढलेली नाही.

पट्ट्याच्या खुणा ठरलेल्या होत्या. पुढची उजवीकडे झुकली की वळायचं. तिने कंबर दोनदा झटकली की उठायचं. एकदा दाबली की बसायचं. आत सरसाचा, घामाचा आणि जुन्या गादीचा वास. दिसायला काय, तर पुढचीच्या टाचा आणि पायाखालची हातभर फळी.

तरी थोरलीला तो अंधार आवडायचा. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. बाहेर ती कुणाची सून, कुणाची वहिनी, कुणाची जाऊ. आत शिरून पाठीमागचे हुक लागले की ती सिंह. पोरं किंचाळायची, फळ्या थरथरायच्या, आणि ती थरथर तिच्या तळपायातून वर चढायची. त्या एका गोष्टीसाठी ती बाकी सगळं सहन करत होती.

सहन करण्यासारखं पुष्कळ होतं. एका खेळानंतर आयोजक बाईंनी धाकटीला फुलांचा गुच्छ दिला. मुंडकं काखेत, गाल लाल, धाकटी अगदी फुलली होती. बाईंनी विचारलं, "आणि मागे कोण असतं हो?"

थोरली नेमकी तेव्हा शेपटीतून बाहेर पडत होती. केस कपाळाला चिकटलेले, कंबर अजून सरळ होत नव्हती.

"मागे काय," धाकटी हसून म्हणाली, "मागे कुणीही चालतं."

सगळे हसले. त्या दिवसापासून थोरलीने तिच्याशी बोलणं टाकलं.

एवढ्याशा वाक्यावरून? असं विचारणारे भेटतात. त्यांना म्हणावं, आधी अख्खा खेळ कमरेत वाकून, पाठीवर पंख आणि नाकासमोर दुसरीचं ढुंगण घेऊन चाला, आणि मग सांगा वाक्य केवढं होतं ते.

अबोला वर्ष ओलांडून गेला. घरात दोघी भिंतीशी बोलायच्या. "दूध उतू चाललंय, ज्यांना नाक असेल त्यांनी बघावं." "ज्यांनी टॉवेल ओला टाकलाय त्यांनी उचलावा, इथे कुणी मोलकरीण नाही." भिंत बिचारी दोन्हीकडून ऐकून घ्यायची. पण खेळ तर करायचेच होते. म्हणून न ठरवता एक नियम ठरला. ग्रिफिनच्या आत कामापुरतं बोलायचं, बाहेर तेवढंही नाही. "वळा." "बसा." "डावा पंख अडकलाय." यापलीकडे एक अक्षर नाही. थोरलीने तो नियम असा पाळला, की एकदा आत तिला शिंक आली तेव्हा तीही तिने गिळली.

आणि अलीकडे ती आणखी एक गोष्ट गिळत होती. तिचा उजवा पाय. खेळ अर्ध्यावर आला की कमरेपासून खाली मुंग्या यायच्या. मग मुंग्याही निघून जायच्या आणि पायाच्या जागी लाकडाचा ओंडका राहायचा. घरी येऊन ती मोरीत दार लावून पाय चोळायची. सांगायचं कुणाला? सांगितलं की भावजी लगेच म्हणणार, "वहिनी, तुम्ही आता विश्रांती घ्या." विश्रांती! बाईला घराबाहेरच्या कामातून उचलून स्वयंपाकघरात आणून ठेवतात, त्याला विश्रांती म्हणतात.

एका सकाळी ती शेपटीचा तुटलेला गोंडा घेऊन शेडमध्ये गेली. सुतारमामा गुडघ्यावर बसून एका चौकटीला चाकं ठोकत होता. शेजारी फळीवर खडूने ग्रिफिनची आकृती काढलेली. पुढे दोन पाय होते. मागे पायांच्या जागी चार गोल.

"हे काय, मामा?"

"काही नाही." त्याने चौकट धोतराच्या जुन्या फडक्याखाली सरकवली.

"काही नाहीला चाकं असतात का?"

"ग्रिफिनचं मागचं काम आहे. धाकट्या बाईंनी सांगितलंय. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या."

"मग सांगताय कशाला?"

"तुम्ही विचारलंत! मी काय खोटं बोलू?"

"भावजींना ठाऊक आहे?"

"त्यांना तर मुळीच कळू द्यायचं नाही. आधी तयार होऊ दे, मग दाखवते म्हणाल्या." मामाने तोंडातला खिळा काढला. "थोरल्या बाई, माझं नाव घेऊ नका हं. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, असं आधीच म्हणतात लोक."

थोरली गोंडा तिथेच टाकून घरात आली. नवरा खिडकीत बसून दिव्याची वायर सोलत होता.

"अहो, मला काढायला निघाल्यात."

"कुठून?"

"सिंहातून. माझ्या जागी चाकं बसवणार आहे ती."

"चाकं?" त्याने विचार केला. "चाकं बरी. बोलत तरी नाहीत."

ओलं फडकं त्याच्या कानावरून गेलं आणि खिडकीच्या गजाला जाऊन अडकलं. मग त्याने बायकोच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि वायर खाली ठेवली. "अगं, विचार की तिला. एका घरात राहता."

"मी विचारू? तिला? त्याआधी माझी जीभ झडेल."

"मग मी विचारतो."

"खबरदार!"

रात्रभर तिच्या डोक्यात चाकं फिरत होती. पायाचं त्यांना कळलं असणार. कळलं, म्हणून काढणार. आणि काढणार तेही कशी, तर न बोलता, न विचारता, खडूने पाय पुसून त्या जागी गोल काढून. माणूस आणला असता तर एक वेळ समजून घेतलं असतं. चाकं! मागे कुणीही चालतं म्हणाली होती, आता कुणी नसलं तरी चालतं म्हणते.

सकाळी उठली तेव्हा तिचा निश्चय झाला होता. आजच्या खेळात तिसऱ्या प्रवेशात सिंह बसतो. तो उठणार नाही. बघू या गरुड एकटा कुठवर उडतो.

खेळ एका शाळेच्या सभागृहात होता. पुढे सतरंजीवर पोरं, मागे खुर्च्यांवर मोठी माणसं, त्यांच्याही मागे थोरलीचा नवरा दिव्यांची बटणं घेऊन. रंगमंचाच्या मधोमध मामाने काटक्यांचं केलेलं घरटं आणि त्यात सोनेरी रंगवलेली लाकडी अंडी. पहिले दोन प्रवेश सुरळीत झाले. तिसऱ्यात धाकटीने कंबर दाबली, थोरली बसली, ग्रिफिन घरट्याशेजारी पहुडला.

"मुलांनो," भावजींचा आवाज घुमला, "ग्रिफिनला गरुडाची नजर असते आणि सिंहाचं काळीज असतं. जगातलं सगळ्यात मोलाचं जे असतं, त्याच्या राखणीला माणसांनी म्हणूनच त्याला बसवलं. पण पाहा! कोण येतंय?"

दाढी लावलेला सुतारमामा चवड्यांवर चालत आला. पोरांनी आरडाओरडा केला.

"आणि ग्रिफिन उठला!" भावजी गरजले.

धाकटीने कंबर झटकली, दोनदा. ती स्वतः उभी राहिली. मागचा भाग जमिनीवरच. ग्रिफिन बसलेल्या कुत्र्यासारखा दिसायला लागला. पहिल्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"जाऊबाई, उठा," धाकटी पुटपुटली. "दोन झटके दिले."

"कळले."

"मग?"

"सिंहाची इच्छा नाही."

"अहो, काय बोलताय? चोर आलाय!"

"येऊ दे. चाकांना सांग ना उठायला."

पुढची पाठ एकदम ताठ झाली. थोरलीच्या कपाळाला ते जाणवलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"चोराने."

"मेला तो!" धाकटी दातांतून म्हणाली. "एक गोष्ट पोटात राहत नाही त्याच्या."

चोर घरट्याशी येऊन पोचला होता. इथे ग्रिफिनने पंख पसरून त्याच्यावर धावून जायचं असतं. ग्रिफिन धावेना. चोराने एक अंडं उचललं, वाट पाहिली. दुसरं उचललं. ग्रिफिन नुसता मान हलवत होता. मग मामाने सगळीच अंडी काखेत घेतली. मग त्याच्या लक्षात आलं की आता पळून गेलं तर नाटकच संपेल. म्हणून तो परत वाकला आणि एकेक अंडं घरट्यात मांडायला लागला.

"चोर आहे की सासू?" मागच्या खुर्च्यांतून कुणीतरी म्हणालं.

"ग्रिफिन," भावजी घाम पुसत म्हणाले, "फार प्राचीन प्राणी आहे, मुलांनो. तो घाईगर्दी करत नाही. तो आधी विचार करतो."

आत विचार वगैरे काही चालला नव्हता.

"मागे कुणीही चालतं ना?" थोरली म्हणत होती. वर्षभर आत कोंडलेलं बाहेर यायला लागलं की ते हळू आवाजात येत नाही, तिला तो दाबून धरावा लागत होता. "मग चाकंही चालतील. माणूस कशाला वागवायचा? लाकूड ठोकलं की झालं."

"ती तुमच्या जागी नाहीत!"

"मी पाहिलंय खडूचं चित्र."

"अर्धं पाहिलंत! ती तुमच्या खाली आहेत. बसायला. सायकलला असते तशी बैठक आहे त्यावर, आणि पंखांचा सांगाडा त्या चौकटीवर टेकणार. तुमच्या पाठीवर नाही."

"मला कशाला बैठक? मी म्हातारी झालेय?"

"तुमचा उजवा पाय चालत नाही, म्हणून."

बाहेर चोराने तिसऱ्यांदा अंडी उचलली होती. पोरं आता त्यालाच ओरडून सल्ले देत होती.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्याच हाताने. कमरेचा पट्टा उजवीकडे खेचला जातो. आधी वळताना व्हायचं, आता सरळ चालतानाही होतं. आणि या प्रवेशात तुमचा श्वास माझ्या पाठीवर असा लागतो, की मला वाटतं आता पडतील, नाही तर मग पडतील. किती दिवस झाले, माझं लक्ष नाटकात नाहीये. सगळं लक्ष पाठीत."

लोक उगाच काचेच्या डोळ्यांचं कौतुक करत होते.

"मग बोलायचं होतंस," थोरली म्हणाली.

"कुठे बोलू? बाहेर तुम्ही बोलत नाही. आत फक्त कामाचं बोलायचं."

"हे काम नव्हतं?"

"तुमच्या लेखी काम कशाला म्हणतात हे मला काय ठाऊक! मी आत 'तब्येत कशी आहे' विचारलं असतं, तर तुम्ही चावला असता मला. आणि ह्यांना सांगितलं असतं, तर ह्यांनी त्याच दिवशी तुम्हाला घरी बसवलं असतं. वहिनींना विश्रांती! मग मागे कोण? तुमचे दिवेवाले?"

"कुणीही चालतं," थोरली म्हणाली, पण आता त्या वाक्याला धार उरली नव्हती.

"म्हणाले होते. नाही कशाला म्हणू? फुलं बघून डोक्यात हवा गेली होती. मग तुम्हाला ताप आला आणि ह्यांना मागे घेतलं, आठवतं? पहिल्याच वळणाला गरुड इकडे आणि सिंह तिकडे. मधले हुक तुटले, ह्यांचं डोकं सगळ्या गावाला दिसलं. तेव्हा कळलं मला. पण तोवर तुम्ही तोंड फिरवलं होतं. आणि माझंही नाक काही लहान नाही."

"नाक कसलं, चोच आहे."

"चोच तर चोच."

थोरलीला हसू आलं. नको असताना आलं, आणि वाकलेल्या माणसाला हसू आलं की ते पोटात न राहता पाठीवर चढतं. पंख गदगदा हलायला लागले, शेपटी हलायला लागली. सगळं सभागृह हसलं.

"उठा आता," धाकटी म्हणाली. "मामा रडेल बाहेर."

थोरलीने डाव्या पायावर जोर दिला. मग उजव्यावर. उजवा पाय तिथे नव्हताच. कमरेखाली काहीतरी जड, परकं, कुणाचं तरी लोंबत होतं. तिने हाताने मांडी दाबून पाहिली. हाताला मांडी लागली, मांडीला हात लागला नाही.

"मला उठता येत नाहीये."

"नाटकं पुरे हं, जाऊबाई."

"खरंच. पाय गेलाय."

आता आत कुणीच हसत नव्हतं. इतके दिवस ती ज्याला भीत होती, ते आलं होतं आणि नेमकं तिच्या हट्टाने आलं होतं. बसून राहिली नसती, तर कदाचित हा खेळ रेटला असता. सगळ्यांसमोर हुक काढून दोघे-चौघे तिला उचलून नेतील. पोरं बघतील, सिंहाच्या पोटातून काय निघालं ते. आणि मग कायमचं घरी.

"जाऊबाई, ऐका." धाकटीचा आवाज एकदम खाली आला. "पट्टा सोडा. दोन्ही हात माझ्या कमरेभोवती घाला. पक्के. आता सगळं वजन माझ्यावर टाका."

"तू एवढीशी. तुला पेलणार आहे का?"

"वर्षभर तुमचा राग पेलला. वजनाचं काय घेऊन बसलात?"

थोरलीने हात घातले. धाकटी एक पाऊल मागे सरकली, तिची पाठ थोरलीच्या कपाळाला, खांद्याला, छातीला भिडली. मग ती पुढे ओणवी झाली आणि हळूहळू उठायला लागली. बाहेरून दिसलं ते असं, की ग्रिफिनने चोच जमिनीला लावली आणि मागचं अंग उचलायला सुरुवात केली. थोरली डाव्या पायावर आली, लटपटली, थांबली. दोघींच्या मधली शिवण तटतटली. पण एकही हुक सुटला नाही.

"दोऱ्या," धाकटी धापा टाकत म्हणाली.

एका हाताने जावेची कंबर आणि दुसऱ्या हातात दोन्ही दोऱ्या. थोरलीने दोऱ्या ओढल्या. पंख उघडले.

पोरांनी जो गलका केला, तो फळ्यांतून डाव्या पायात चढला. उजव्या पायाला त्यातलं काही कळलं नाही, पण डाव्याने दोघांचं ऐकून घेतलं. सुतारमामाने पंख पाहिले, आणि सुटलो बुवा एकदाचे अशा आनंदाने तो इतका जोरात पळाला, की दाढी रंगमंचावरच राहिली. ग्रिफिन घरट्याभोवती फिरायचा असतो, त्या दिवशी तो फिरला नाही. जागच्या जागी उभा राहून एकदा पंख मिटले, एकदा उघडले, आणि पडदा पडला.

पडद्यामागे हुक निघाले तेव्हा थोरली फळ्यांवर आडवी पडली. तिचा नवरा सभागृहाच्या त्या टोकापासून धावत आला, बटणं तशीच टाकून. पोरं घरी जायला निघाली आणि सगळे दिवे जळतायत. त्याने काही विचारलं नाही, विनोदही केला नाही. गुडघ्यावर बसून बायकोचा पाय मांडीवर घेतला आणि चोळायला लागला. धाकटी मुंडकं काढून तिथेच बसली होती, केस कपाळाला चिकटलेले, चेहरा लालबुंद.

"लागतंय का काही?" नवरा विचारत होता. "आता? आता?"

"नाही."

"इथे?"

"नाही म्हटलं ना!"

आणि मग टाचेपाशी काहीतरी वळवळलं. आधी एक, मग दहा, मग वारूळ फुटल्यासारखं सगळ्या पायात.

"मुंग्या," थोरली म्हणाली. "अहो, मुंग्या आल्या!"

सणसणीत, डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या मुंग्या. ती रडत होती आणि हसत होती, आणि पाय झाडत होती, आणि त्यातली एक लाथ नवऱ्याच्या हनुवटीला बसली.

"जोर आहे," तो हनुवटी चोळत म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते, लाथेने म्हणा किंवा कशाने.

भावजी कागद हलवत आले. "वहिनी, आजचा तो थांबायचा भाग काय रंगला! कायमचा ठेवू या का?"

"भावजी," थोरली म्हणाली, "तुमच्या तोंडाला हुक लावायची सोय आहे का कुठे?"

डॉक्टरने तपासून सांगितलं ते एवढंच, की कमरेपाशी शीर दाबली जातेय. पाय कुठे जात नाही. पाठीवर वजन घेऊ नका, काही दिवस व्यायाम करा, सुटेल. थोरलीने त्याला दोनदा विचारून घेतलं. बाहेर येऊन ती पायऱ्यांवर बसली आणि एवढा मोठा श्वास सोडला, की शेजारून जाणारी बाई थांबून बघायला लागली. एक वाक्य ऐकायला ती महिनोन्‌महिने घाबरत होती, आणि ते वाक्य हे होतं!

"म्हणजे वहिनींना आता विश्रांती," भावजींनी घरी आल्यावर सुरुवात केलीच.

"वहिनी बसून येतील," धाकटी म्हणाली. भिंतीला नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मामा, आणा ती चौकट."

शेडमध्ये चाचणी झाली. थोरली बैठकीवर बसली, पंखांचं वजन चौकटीने घेतलं, पाय फक्त ढकलायला. पाठ कितीतरी दिवसांनी सरळ होती. तिने मुद्दाम तोंड वाकडं केलं. "बैठक कडक आहे."

"सिंहासन आहे, जाऊबाई. मऊ कुठून असणार?"

"पुढे तू मिरव आणि वर मला हसव."

"मग या पुढे. घ्या." धाकटीने मुंडकं काढून तिच्यापुढे धरलं. "मी मागे बसते."

थोरलीने घेतलं. अशी संधी सोडणाऱ्यातली ती नव्हती. मुंडकं चढवलं, जाळीतून पाहिलं, शेडच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. चोच दोनदा खांबावर आपटली.

"ह्यातून तर काहीच कळत नाही," तिने मुंडकं काढून दिलं. "नुसती माणसं दिसतात. पायाखाली काय चाललंय त्याचा पत्ता नाही. तुझं तूच घाल."

पुढच्या खेळाला चाकं नवीन होती, ती वळताना कुरकुरली. पहिल्या रांगेतलं एक पोर आईला चिकटलं. "गुरगुरतोय!" ते ओरडलं. मग सगळीच पोरं पाय जवळ घेऊन बसली. थोरलीने आतून ऐकलं आणि चौकट मुद्दाम पुन्हा वळवली. धाकटी न सांगता तिच्याबरोबर वळली.

"अहो जाऊबाई," ती पुढून म्हणाली, "घरी दुधाचं पातेलं झाकलं होतं ना?"

"कामाचं बोल."

"हेही कामच आहे."

"झाकलंय. वळ आता, चोर आला."

खेळ संपल्यावर सुतारमामा तेलाची बाटली घेऊन आला. चाकांचा आवाज त्याला अपमानासारखा लागला होता.

"नको," दोघी एकदम म्हणाल्या.